लिंक गेली, पण छापून

‘कर्जाची कागदपत्रं व्हॉट्सअ‍ॅपवर टाका ना मॅडम,’ असं कर्जवाला एजंट म्हणाला, पण तसं करायचं नाही हे मी आदल्याच दिवशी ठरवलं होतं. त्या दिवशी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ झेरॉक्सच्या दुकानात करारनामा आणि आधार स्कॅन करायला गेले, तर त्यांच्या डेस्कटॉपवर ‘आधार न्यू’, ‘आधार न्यू २’, ‘काकू पॅन’ अशा फायली ओळीने बसलेल्या. माझी फाईल मी समोर उभं राहून डिलीट करायला लावली, रीसायकल बिनमधूनही. पोरगा वैतागला. वैतागू दे.

पीडीएफ भरली ३८ एमबी. जीमेलला २५ च्या वर अ‍ॅटॅचमेंट चालत नाही. मग कामासाठी वापरते ते फायली पाठवायचं वेब अ‍ॅप उघडलं. (आधी मोझिलाचं फायरफॉक्स सेंड वापरायचे, ते २०२० मध्ये बंद झालं. अजून हळहळ वाटते.) यात फाईल आपल्या ब्राउझरमध्येच कुलूपबंद होते आणि मगच वर चढते. पासवर्ड घातला, मुदत एक दिवस, डाउनलोड एकदाच. लिंक बँकेला मेलने, पासवर्ड फोनवर. दहा मिनिटांत मोकळी.

पुढचे सहा दिवस कर्ज देणाऱ्या त्या सहकारी बँकेने खाल्ले.

पहिल्या दिवशी बँकेतल्या साहेबांनी फाईल ‘आली का बघू’ म्हणून मोबाईलवरच उतरवली. एकमेव डाउनलोड तिथेच खर्ची पडलं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिंक मेलेली. यात चूक माझीही आहे. ‘एकदाच’ हे घरच्या माणसांना ठीक; ऑफिसला पाठवताना तीन ठेवा आणि मुदतीत शनिवार-रविवार धरा.

दुसरी लिंक तशीच केली. तीन डाउनलोड, सात दिवस. दोन दिवसांनी बँकेतल्या क्लार्कदादांचा फोन: ‘मॅडम, तुमची फाईल खराब आहे.’ माझ्याकडे व्यवस्थित उघडत होती. पुन्हा पाठवली. पुन्हा ‘खराब’. शेवटी इंदिरानगरहून गाडी काढली, मुंबई नाक्याच्या गर्दीत अर्धा तास घालवला आणि थेट त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

‘दादा, माझ्यासमोर उघडून दाखवा.’

त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. माझ्या मेलची प्रिंट! वर आवकचा जांभळा शिक्का, नंबर, तारीख. मेल आली की छापायची, आवकला नोंदवायची, मग टेबलावर द्यायची, अशी तिथली पद्धत. आणि दादा त्या कागदावर बोट ठेवून लिंक एकेक अक्षर टाइप करत होते. हॅशपाशी (#) आले आणि थांबले.

‘पुढचं का नाही घेतलं?’

‘हे नंबरचं चिन्ह ना? त्याच्यापुढे तुमचा काहीतरी रेफरन्स असेल.’

हॅशच्या पुढे असते ती फाईलचं कुलूप उघडायची किल्ली. ब्राउझर तेवढा भाग सर्व्हरला पाठवतच नाही, म्हणून तर अ‍ॅप चालवणाऱ्यांनाही फाईल वाचता येत नाही. ती वगळली की कुलूप घरी आलं पण उघडायचं कशाने, असा प्रकार. आणि समजा त्यांनी ती टाइप केली असती, तरी त्या छपाईत मोठा आय आणि लहान एल कुणाला वेगळे ओळखू येणार होते?

मी म्हटलं, आवकवाल्यांकडून ती मेल तुमच्या मेलवर पाठवून घ्या आणि लिंकवर नुसतं क्लिक करा. पासवर्ड परत सांगितला, ‘गंगापूरचा जी, कॅपिटल.’ फाईल अर्ध्या मिनिटात उघडली. दादा खूश. मीही, खोटं कशाला बोलू.

हो, एक राहिलंच. आधारची मास्क्ड प्रत चालते का, हे आधीच विचारून घ्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मी विचारलं नाही आणि पूर्ण आधार पाठवून बसले. आणि स्कॅन रंगीत नको, ग्रेस्केल करायला सांगा. माझे ३८ एमबी कमी झाले असते.

निघताना मागे वळून पाहिलं. दादांनी त्याच प्रिंटवर, लिंकच्या बरोबर खाली, बॉलपेनने पासवर्ड लिहिला होता आणि कागद पंच करून माझ्या फायलीला लावत होते.

पार्किंगमध्ये गाडीवर बसूनच मोबाईलवरून लिंक डिलीट केली.