एकादशीच्या रात्री सराफ्यात

इंदूरला आलेल्या पाहुण्यांना रात्री सराफ्यात, म्हणजे आमच्या खाऊगल्लीत, खायला घेऊन फिरणं हे माझं काम. लोकांना वाटतं, यात काय मोठं? गाडी दाखवायची, दोना हातात द्यायचा आणि पुढे चालायचं. पण खरं काम त्याआधीचं असतं. कोणाला तिखट सोसत नाही, कोणाला साखर आहे, कोणाचे गुडघे किती चालू देतील, कोणाच्या पोटाला काय मानवत नाही आणि कोणाच्या मनाला काय चालत नाही, हे सगळं आधी कळावं लागतं. यातलं शेवटचं विचारायला बुकिंगच्या फॉर्मवर रकानाच नसतो.

एका कार्तिकी एकादशीला सांगलीहून निवृत्त शिक्षिकांचा गट आला होता. सहल आखणाऱ्या कंपनीने तारीख टाकताना पंचांग उघडलंच नव्हतं. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर करून बायका इंदूरला पोचल्या आणि दुपारी मुख्याध्यापिका बाईंचा मला फोन.

"अगं, आज एकादशी. आमच्यातल्या बऱ्याचजणींचा उपास आहे. एक बाई जैन आहेत, त्या चातुर्मासात दिवस मावळल्यावर काही घेत नाहीत. आणि आमच्या एक काकू माळकरी, त्या तर आज बाहेरचं काही तोंडातच घालणार नाहीत. रद्दच करू या का? पैसे नाही मिळाले परत तरी चालेल."

मी म्हटलं, "बाई, रद्द नको. मला दोन तास द्या."

हे नुसतं बोलायचं म्हणून बोलले नाही. राजवाड्याच्या मागची ही सराफ्याची गल्ली दिवसा सोन्याचांदीची. रात्री सराफांची शटर खाली आली की त्याच ओट्यांपुढे कढया चढतात. दुकानांसमोर रात्री जाग राहावी, राखण व्हावी म्हणून सराफांनीच हे बसू दिलं, असं आमच्याकडचे जुने लोक सांगतात. १८१८ मध्ये इंग्रजांशी झालेल्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इथे आली आणि या शहरात मराठी, मारवाडी, गुजराती, बोहरी, जैन, पुढे सिंधी असे सगळे जवळजवळ नांदायला लागले. प्रत्येकाच्या खाण्याचे नेम वेगळे. सराफ्यातल्या गाडीवाल्याला हे शिकवावं लागत नाही. "फरियाली बनाऊं क्या?" म्हणजे उपासाचं करू का, हे तो आपणहून विचारतो. उपासाची रात्र इथे निभणार नाही, तर कुठे निभणार?

फक्त नेहमीची वाट उपयोगाची नव्हती. मी फोन फिरवायला सुरुवात केली. गराडू नावाचा कंद तळणाऱ्या गाडीवाल्याला विचारलं, आज कढईत आणखी काही तळणार का? खिचडीवाल्याला विचारलं, वर बटाट्याचं मिक्स्चर घालतोस की शेव? शेव म्हणजे बेसन, झाला उपास मोडून. रबडीवाल्याला काही विचारायचं नव्हतं, त्याची दुधाची कढई संध्याकाळपासून एकटीच उकळत असते. आणि जीरावन. आमचं निम्मं इंदूर या मसाल्यावर चालतं, पण त्यात धणे असतात, हळद असते, बडीशेप असते. उपासाला त्यातलं बरंच अडतं. त्याऐवजी सैंधव, मिरपूड आणि लाल तिखट वेगळं ठेवायला सांगितलं. दोघंही म्हणाले, दीदी, ग्यारस है, वैसे भी अलग ही रखा है. ग्यारस म्हणजे एकादशी.

जैन बाईंसाठी मात्र घड्याळाशी शर्यत होती. नोव्हेंबरात आमच्याकडे पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो. त्यांना आणि सोबत दोघींना घेऊन मी साडेचारलाच न्यू पलासियातल्या छप्पन दुकान या दुसऱ्या खाऊगल्लीत गेले. तिथे त्यांनी भुट्ट्याचा कीस खाल्ला. मक्याची कोवळी कणसं किसून, तुपात हिंग-मोहरीवर परतून, दूध घालून शिजवतात. कांदा-लसूण त्यात नसतोच. मिरचीच्या वाटणात आलं असतं, ते नको म्हणून सांगितलं, तर तिथला पोऱ्या म्हणाला, "जैन वाला है ना, वो अलग डिब्बे में है." बाईंनी दोन दोने संपवले, वर घट्ट शिकंजी घेतली. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे. ती दुधाची, दाट, केशर-सुक्यामेव्याची. सूर्य मावळायच्या आत त्यांनी चूळ भरली आणि म्हणाल्या, "आता रात्री मी बघायला येते. माझं झालं सगळं."

रात्री साडेनऊला सगळ्याजणी राजवाड्यापाशी उतरल्या. उत्तरेकडची ही देवउठनी ग्यारस, म्हणजे देव उठायचा दिवस. चौकात उसाचे भारे उभे, फटाके फुटताहेत, आणि लग्नसराई सुरू होणार म्हणून सराफांकडे अजून गिऱ्हाईक. शटर पडेनात, त्यामुळे गाड्या अंग चोरून उभ्या. माळकरी काकू हातात पाण्याची बाटली आणि पिशवीत चार खजूर घेऊन आल्या होत्या. तुळशीची माळ, नऊवारी, आणि चेहरा उतरलेला. कार्तिकीला पंढरपूर सोडून इथे कुठे आलो, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. "तुम्ही खा गं," म्हणाल्या, "मी उभी राहते." मी आग्रह केला नाही. एकादशीच्या माणसाला आग्रह करू नये, असं मला वाटतं.

सुरुवात खिचडीपासून केली. आमच्याकडे साबुदाणा तुपाच्या फोडणीत परतत नाहीत. खाली पाणी उकळत असतं, वर मोठ्या पातेल्यात भिजलेला साबुदाणा वाफेवर फुलत राहतो, पांढरा, मोकळा. मागणी आली की परातीत घ्यायचा, मिरची, मीठ, शेंगदाणे, लिंबू, वरून बटाट्याचा कुरकुरीत चिवडा, आणि कालवायचं. मुख्याध्यापिका बाईंनी पहिला घास घेतला आणि निकाल दिला, "ही खिचडी नव्हे, ही साबुदाण्याची भेळ आहे. दाण्याचं कूट कुठाय?" त्यांचं म्हणणं खरं होतं. पण दुसरा दोना त्यांनीच मागितला. कोथिंबीर चालते की नाही यावरून मग जोरदार चर्चा झाली. एकीच्या सासरी चालत होती, एकीच्या माहेरी नव्हती, एकीच्या घरी जिरंसुद्धा वर्ज्य. खिचडीवाला झारा हातात धरून शांतपणे ऐकत होता. मग त्याने कोथिंबीर घातलेले, न घातलेले असे दोन ढीगच केले. त्याच्या घरी उपासाला मोरधन शिजतं, म्हणजे आपली भगर. ती एकादशीला आमच्याकडे नाही चालत, असं बायकांनी सांगितल्यावर नवल वाटायची पाळी त्याची होती.

पुढे दहीवडा. ज्यांचा उपास नव्हता त्यांच्यासाठी तो हवाच होता. जोशींच्या दुकानात दह्याने भरलेला दोना वर हवेत उडवतात आणि तो थेंब न सांडता हातात परत येतो. चिमटीत पाच मसाले एकदम धरून ते एकेक करून वेगळे सोडतात, तेही बघण्यासारखं. जैन बाई पुढेच उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं, की रात्र नसती तरी हे त्यांना चाललं नसतं. कच्चं दही आणि डाळ एकत्र आली की द्विदल होतं, आणि ते जैनांना वर्ज्य. पण बघताना त्यांनी टाळ्या वाजवल्या. खाणारीपेक्षा त्यांनाच जास्त मजा आली असं मला दिसलं, आणि बरं वाटलं.

आणि मग गराडू. माझं स्पष्ट मत आहे, की थंडीत सराफ्यात येऊन ज्याने गराडू खाल्ला नाही, तो अर्धाच परत गेला. मध्यंतरी इथे नूडल्स, मोमोच्या गाड्या वाढल्या होत्या. माझ्या फेरीत मी तिथे थांबत नसे. ते कुठल्याही शहरात मिळेल. गराडू हा कंद थंडीची चाहूल लागली की बाजारात येतो. कच्चा सोलताना हाताला खाज सुटते म्हणून आधी तेल चोळतात. मोठे तुकडे एकदा तळून ठेवायचे, गिऱ्हाईक आलं की लहान कापून पुन्हा कढईत. वरून खरपूस, आत पिठूळ, त्यावर लिंबू. काकू जवळ सरकल्या. कापलेला तुकडा त्यांनी निरखून पाहिला.

"हे कोनफळाच्या जातीतलं ना? माझं माहेर रत्नागिरीकडचं. आई चुलीत भाजायची."

गाडीवाला मराठी जाणत नव्हता, पण माळेकडे त्याचं लक्ष गेलं. "माताजी, ग्यारस है आपकी? म्हारी भी है." त्याने कढईकडे बोट दाखवलं. सकाळी तेल नवं ओतलं होतं, गराडूखेरीज तिच्यात काही पडलं नव्हतं. सैंधवाची वाटी उघडून दाखवली. आणि स्वतः दिवसभर फक्त दुधावर आहे, गिऱ्हाईक आवरल्यावर यातलाच दोना घेऊन बसणार, हेही सांगितलं. मी काही बोलले नाही. बाकीच्याही गप्प.

काकूंनी बाटलीतल्या पाण्याने हात धुतले. पिशवीतून छोटी स्टीलची डबी काढली. तीत आदल्या दिवशी खुडलेली तुळशीची पानं होती. दोना घेतला, वर एक पान ठेवलं, डोळे मिटून पुटपुटल्या आणि पहिला तुकडा तोंडात घातला. मग दुसरा. तिसरा खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "लिंबू जरा अजून पिळ." गाडीवाल्याने पैसे घ्यायला साफ नकार दिला. काकूंनी तितकाच साफ नकार फुकट खायला दिला, आणि नोट तराजूखाली सरकवून पुढे निघाल्या. त्यानंतर रबडी त्यांनी स्वतःहून मागितली. साखर असलेल्या दोघींना मी तिथून हलकेच गराडूकडे वळवलं.

गट सकाळी निघणार होता, पण द्वादशीचं पारणं राहिलं होतं, आणि इंदूरमध्ये पारणं म्हटल्यावर पोहे सोडून मला दुसरं सुचणं शक्य नव्हतं. तांदळाचेच ते. सूर्य वर येताच माझ्या नेहमीच्या गाडीवर गेलो. पोहे वाफेवर ठेवलेले, तेल अगदी बेताचं, बडीशेपेचा वास, बाजूला गरम जिलबी. जैन बाईंचा चातुर्मास पौर्णिमेपर्यंत, त्यांनी साधे पोहे आणि लिंबू घेतलं. काकूंच्या प्लेटीत मी कांदा घालू नको म्हणून सांगत होते, तोच त्यांनी मला थांबवलं.

"आषाढातल्या कांदेनवमीनंतर कांद्याला शिवले नाही मी. काल चातुर्मास संपला. घालू दे त्याला. शेवही घालू दे, आणि काल तो मसाला बाजूला ठेवायला लावलास ना, काय त्याचं नाव, जीरावन, तोही."

पोहेवाल्याने सढळ हाताने घातला. काकूंनी खाऊन त्याला विचारलं, फोडणीत हळद इतकी कमी का, आणि ओलं खोबरं का नाही. तो उत्तर देऊ लागला, काकूंना ते पटेना. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि मुख्याध्यापिका बाई त्याला हाताने थांब म्हणत होत्या.