कुंती, राख आणि आरओचं पाणी

आमच्या घरी तिला कुंती म्हणतात, माळी मधुकामिनी म्हणतो आणि नर्सरीतल्या पाटीवर लिहिलं होतं ‘मिनी कामिनी’. तिन्ही नावांचं झाड एकच, हे कळायला मला एक अख्खा रविवार लागला. माळ्याला मी कुंती आणायला सांगत होते आणि तो बिचारा ‘मैडम, वो महाभारत वाली?’ म्हणून विचारत होता.

आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. रामबागेतलं जुनं घर सोडून इथल्या रो हाउसमध्ये आलो तेव्हा बागेच्या नावाखाली हाती आली ती कंपाउंडच्या भिंतीलगतची पट्टी, चौदा फूट लांब आणि दोन फूट रुंद. तिथे काहीतरी बारमाही हिरवं हवं होतं. खिडकी झाकणार नाही, मुळं फरशीखाली घुसणार नाहीत आणि रोज झाडू मारायला लावणार नाही असं. फायकस मुळांपायी बाद. डुरांटा मला आवडत नाही, त्याला कारण नाही. सासूबाईंची अट एकच होती, वास हवा. रामबागेत मागच्या दारी त्यांची कुंती होती, दोन माणसं उंच. ही मिनी जात लहान पानांची, तीन फुटांच्या आत राहणारी. नर्सरीवाल्याने पान चुरगळून हुंगायला दिलं, वास थेट लिंबाच्या पानासारखा. घरी आल्यावर पान उन्हासमोर धरलं तर त्यात सुईने टोचल्यासारखे बारीक चमकते ठिपके दिसले. त्या तेलाच्या ग्रंथी. कुंती लिंबाच्या कुळातली आहे, कढीपत्त्याची जवळची नातेवाईक.

जुलै २०२१ मध्ये दोन-दोन फुटांवर सात रोपं लावली. पहिलं वर्ष इतकं छान गेलं की मी स्वतःला जाणकार समजू लागले. शेजारच्या ताईंना सल्लेही दिले, ते आता आठवले की लाज वाटते. पहिल्या वर्षी रोप जगतं ते पिशवीतल्या मातीवर, हे मला कुठे माहीत होतं! मुळं त्या गोळ्याच्या बाहेर पडली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात शेंड्याची पानं पिवळी पडायला लागली.

पिवळी म्हणजे कशी, ते नीट सांगते, कारण सगळी मेख तिथेच होती. जुनी, खालची पानं हिरवीगार. कोवळी पानं फिकट पिवळी, पण शिरा हिरव्या. जणू कुणी पिवळ्या कागदावर हिरव्या पेनने जाळी काढलीय. पुढे पुढे तर नवं पान जवळजवळ पांढरं निघायचं आणि कडेने करपायचं.

माळीभैयांचं निदान झटपट: ‘भूखा है पौधा, खाद दो.’ शेणखत दिलं, चिमूट चिमूट युरिया दिला. फूट जोमाने आली आणि तीही पिवळीच! नत्र (युरियातून मिळतं ते, म्हणजे नायट्रोजन) कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात, कारण झाड तिथलं नत्र काढून नव्या पानांना पुरवतं. लोहाचं तसं नाही. एकदा पानात बसलेलं लोह तिथून हलत नाही, त्यामुळे तुटवडा पडला की कोवळं पान आधी भोगतं. हे शहाणपण मला उशिरा आलं. दरम्यान मी काय काय केलं, त्याची यादी मोठी आहे.

पहिलं म्हणजे आरओचं पाणी. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, एरवी बोअरिंग. बोअरचं पाणी इतकं जड की नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते. आरओच्या मशीनमधून जे पाणी बाहेर फेकलं जातं ते वाया घालवायला जिवावर येतं, म्हणून मी रोज दोन बादल्या भरून कुंतीला घालत होते. वर सगळ्यांना अभिमानाने सांगत होते. मशीनने गाळून बाजूला काढलेले क्षार मी नेमाने झाडाच्या बुडाशी नेऊन ओतत होते, हे डोक्यातच आलं नाही.

दुसरं म्हणजे राख. याला मात्र थोडा इतिहास आहे. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या शेती संशोधन संस्थेत होते. आजचं कृषी महाविद्यालय आहे तीच जागा. तिथे त्यांनी पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन, ढीग ठरावीक दिवसांनी उलथवून तीनेक महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. आपल्या गावचं नाव आणि त्यात राख! होळी झाल्यावर मी डबा भरून राख आणली आणि सातही झाडांना वाटून टाकली. सासूबाईंनी वरून अंड्याची टरफलं टाकली. त्या स्वतः अंडं खात नाहीत, पण झाडाला चालतं म्हणे.

तिसरं हिराकस. लोह कमी आहे एवढं एव्हाना कुठूनसं कळलं होतं. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार (फेरस सल्फेट). स्वस्त, पाण्यात विरघळतं, आणून मुळाशी ओतलं. आठ दिवस वाट पाहिली. कुंती होती तशीच, पण व्हरांड्याच्या पांढऱ्या फरशीवर शिंतोडे उडाले होते तिथे गंजाचे पिवळट डाग पडले. ते आजही आहेत. चिरंजीव त्यांना ‘आईचा हिरवा प्रकल्प’ म्हणतात.

शेवटी गल्लीतल्या काकांना बोलावलं. कृषी महाविद्यालयात शिकवून निवृत्त झालेत, पण कुणी विचारल्याशिवाय सांगत नाहीत. त्यांनी झाडाकडे फारसं पाहिलंच नाही. विळीने बुडाची वीतभर माती उकरली, मूठभर बशीत घेतली आणि म्हणाले, ‘घरात व्हिनेगर आहे का?’ मुलाच्या चायनीजसाठी आणलेली बाटली होती. चार थेंब टाकले आणि माती इनो टाकल्यासारखी फसफसली.

‘चुना आहे,’ काका म्हणाले. ‘हिला कुणी चुन्यात पुरलंय.’

मग खरंच खणलं. वरची फूटभर काळी माती सोडली तर खाली बिल्डरने भरलेला मलबाच होता. प्लास्टरचे पोपडे, सिमेंटचे गठ्ठे, विटांचे तुकडे, एक अख्खी तुटकी टाइल. आधीच माळव्याची काळी माती अल्कधर्मी, त्यात हा मलबा, वरून माझं आरओचं पाणी, राख आणि टरफलं. मातीचा सामू (म्हणजे पीएच, सातच्या वर गेला की माती अल्कधर्मी) निघाला ८.३. अशा मातीत लोह नसतं असं नाही, भरपूर असतं. पण ते गंजासारखं घट्ट बसलेलं असतं आणि मुळांना उचलता येत नाही. हिराकस ओतलं तेही दोन दिवसांत तसंच झालं. राखेबद्दल विचारलं तर काका हसले. हॉवर्डसाहेबांची राख ढिगातला आंबटपणा मारण्यासाठी होती, आपल्या जमिनीला आंबटपणा औषधालाही नाही.

जुलै २०२३. दोन दिवस आभाळ भरून राहिलं तेव्हा सगळी रोपं मुळांच्या गोळ्यासकट काढली, एक तृतीयांश छाटली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली. पट्टी दोन फूट खोल रिकामी केली. तीन ट्रॉल्या मलबा निघाला (ट्रॉली म्हणजे हातगाडी, ट्रॅक्टरची नव्हे). भरताना शेतातली माती आणि कुजलेला पालापाचोळा निम्मे निम्मे, त्यात गंधकाची भुकटी. गंधकाचा परिणाम सावकाश होतो, मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात तेव्हा कुठे सामू खाली येतो, म्हणून त्यावर विसंबून राहायचं नाही. वाफा जमिनीपेक्षा नऊ इंच उंच केला. काळी माती पावसात फुगते, पाणी धरून बसते आणि मुळं गुदमरतात. उन्हाळ्यात तीच भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात. उंच वाफा पावसाळ्यासाठी, पाचोळ्याचा चार बोटं थर उन्हाळ्यासाठी. रोप आधी जितकं खोल होतं तितकंच ठेवायचं, खोडाला माती चढवायची नाही.

सातातलं एक गेलं. ते आधीच अर्धमेलं होतं.

लोहासाठी काकांनी चिलेटेड लोह सांगितलं होतं, म्हणजे मातीत घट्ट बसू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह. ईडीटीए आणि ईडीडीएचए ही अशीच दोन रसायनं. दुकानात मागितलं तर ईडीटीएचा डबा पुढे आला. तो घेऊन येऊ नका. ईडीटीए बांधून ठेवतं ते लोह आमच्यासारख्या मातीत लवकर सुटतं आणि पुन्हा घट्ट होऊन बसतं. ईडीडीएचए हवं, ते एवढ्या सामूलाही टिकतं. महाग आहे आणि दुकानदार ‘एकच असतं हो’ म्हणतो, पण एकच नसतं. गडद तपकिरी दाणे पाण्यात टाकले की पाणी कोकमाच्या आगळासारखं लाल होतं. उन्हाने त्याची ताकद जाते, म्हणून संध्याकाळी थेट मातीत द्यायचं आणि वर पाणी घालायचं. पंधरा दिवसांनी नवा शेंडा आला तो हिरवा. जुनी पिवळी पानं फारशी सुधारली नाहीत, यथावकाश गळाली.

पाण्याची व्यवस्था आता अशी आहे: पावसाळ्यात गच्चीचं पाणी पिंपात, एरवी नर्मदेचं. आरओचं पाणी फरशी पुसायला आणि स्कूटर धुवायला. बोअरचं पाणी द्यावंच लागलं, मे महिन्यात लागतंच, तर आठ-दहा दिवसांनी एकदा नर्मदेचं भरपूर सोडते, साचलेले क्षार खाली धुऊन जावेत म्हणून.

हिरवी झाली, पण फुलेना. इथे दोष कात्रीचा. माळीभैयांना दर महिन्याला कुंपण पाटासारखं सपाट कापायची सवय, आणि कुंतीला फूल येतं ते नव्या फुटीच्या टोकाला. म्हणजे दर महिन्याला कळ्याच कापल्या जात होत्या. त्यांना समजावण्यात झाडाला वाचवण्याहून जास्त दिवस गेले. ‘अच्छा नहीं दिखता मैडम, बाल बढ़े हुए लगते हैं.’ शेवटी तह झाला: बहर संपला की एकदा कापायचं, मग पुढचा बहर येईपर्यंत कात्री घरी ठेवायची. २०२४ च्या पहिल्या मोठ्या पावसानंतर काही दिवसांतच सहाही झाडं एकदम पांढरी झाली. कुंतीचं हेच आहे, कोरडी राहून पाणी मिळालं की एकत्र बहरते आणि दोन दिवसांत पाकळ्या जमिनीवर. संध्याकाळी वास व्हरांड्यातून आत आला तेव्हा सासूबाई मालिका बंद करून बाहेर येऊन बसल्या. मालिका बंद करून, हे मुद्दाम लिहिते.

फोटो वरूडच्या मामेभावाला पाठवला. त्याची संत्र्याची बाग आहे. त्याचं उत्तर: ‘ताई, छान आहे, पण माझ्याकडे रोप आणू नको हं.’ संत्र्यावरचा सायला हा बारीक किडा कुंतीवरही आवडीने वाढतो आणि ग्रीनिंग रोगाचे जिवाणू झाडाझाडांत पोचवतो. आमच्याकडे एकच कुंडीतलं लिंबू आहे, तरी मी आता कोवळे शेंडे उलटून पाहते. मेणासारखे पांढरे धागे दिसले की शेंडा खुडून टाकते, चिवटपणे आले तर निंबोळी तेल.

अळ्या मात्र मारत नाही. लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या, लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात. सासूबाईंनी एकदा शीट समजून काडीने खरवडायला घेतली तर तिने डोक्यावरून तांबडी शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सोडला. सासूबाई ‘अगं बाई’ करत दोन पावलं मागे. आता सापडली की कढीपत्त्यावर नेऊन ठेवतो, तिचं तिथेही भागतं. कढीपत्त्याचं काय, तो घरात सगळ्यांचंच सोसतो.

राहिलेल्या सहांपैकी पाच अडीच फूट उंचीच्या आहेत. फाटकाजवळची सहावी मिनी नाहीच, तिची पानं दुप्पट मोठी, नर्सरीत सरमिसळ झाली असणार. खिडकीच्या वर गेलीय आणि मागच्या महिन्यात बुलबुल तिची लाल फळं खात होते. माळीभैया कात्री घेऊन तिच्याकडे पाहतात, मग माझ्याकडे पाहतात. सासूबाईंनी आपली खुर्ची तिच्याखाली नेऊन ठेवलीय.