सज्ज्यावर माणूस उभा राहिला तेव्हा

थीम पार्कमधील किल्ल्याचा आराखडा हाती घेणाऱ्याला एक गोष्ट पहिल्यापासून ठाऊक असते. जागा, खर्च आणि नियम यांच्या मर्यादेत जेवढी उंची बांधता येते तेवढ्यावर कोणाचेही समाधान होत नाही आणि उरलेली उंची पाहणाऱ्याच्या नजरेतच उभी करावी लागते. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १९५५ साली उघडलेल्या डिस्नीलँडमधला स्लीपिंग ब्यूटी कॅसल अवघा ७७ फूट उंच आहे. फ्लोरिडातील सिंड्रेला कॅसल १९७१ साली लोकांसाठी खुला झाला, तो १८९ फुटांवर थांबलेला आहे. २०० फुटांहून उंच बांधकामांवर साधारणपणे विमानांसाठी इशाऱ्याचे दिवे लावावे लागतात असा तिथला नियम आहे आणि परीकथेतील राजवाड्याच्या शिखरावर लुकलुकणारा लाल दिवा कोणालाच नको असतो. तरीही हे दोन्ही किल्ले समोरून पाहताना या आकड्यांहून कितीतरी भव्य वाटतात. ही किमया ज्या तंत्राने साधते त्या फोर्स्ड पर्स्पेक्टिव्हवर, म्हणजे मापे हळूहळू आटवून उंची आणि खोलीचा भास निर्माण करण्यावर, माझा व्यवसाय चालतो, आणि त्या तंत्राचा खरा शत्रू कोण हे मला एका दिवशी फार जवळून पाहायला मिळाले.

एका थीम पार्कच्या किल्ल्याच्या त्या प्रकल्पात प्रमाणांचा आराखडा माझ्याकडे होता. किल्ल्याचा कोणता भाग खऱ्या मापाचा ठेवायचा, कोणत्या उंचीपासून मापे आटवायला सुरुवात करायची आणि शिखरापर्यंत ती किती आटवायची, हे ठरवणे म्हणजे हा आराखडा. तळाशी, जिथे लोक हात लावून भिंत पाहतात, तिथे चिरे, दरवाजे आणि खिडक्या पूर्ण मापाच्या होत्या. वर जाताना दगडांचे थर बारीक होत गेले, खिडक्या अरुंद व ठेंगण्या होत गेल्या आणि सर्वांत वरच्या मनोऱ्यावर सगळे काही निम्म्या मापाचे झाले. खालची खिडकी २.४ मीटर उंच, तर तिच्यासारखीच दिसणारी वरची खिडकी १.२ मीटरची. किल्ल्यासमोरच्या चौकातून पाहणारा माणूस मनोऱ्यापासून ६० मीटरवर उभा असतो आणि वरची खिडकी त्याच्या नजरेच्या पातळीपासून ४० मीटर उंचीवर आहे. म्हणजे डोळ्यापासून खिडकीपर्यंतचे सरळ अंतर सुमारे ७२ मीटर होते. पण डोळा ती खिडकी २.४ मीटरचीच आहे असे गृहीत धरतो, त्यामुळे हिशेबाने तो तिला १४४ मीटरवर नेऊन ठेवतो. मनोरा उंच वाटतो तसाच तो मागेही सरकतो, आणि किल्ल्याला प्रत्यक्षात नसलेली खोली मिळते.

हा हिशेब कागदावर जितका नेमका दिसतो तितका तो नजरेत उतरत नाही, कारण माणसाचा डोळा एकाच खुणेवर विसंबत नाही. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतील फरकावरून अंतर ओळखण्याची शक्ती जवळच्या वस्तूंसाठी तीक्ष्ण असते. काही दशक मीटरांच्या पलीकडे ती दुबळी पडत जाते. मग डोळा ओळखीच्या वस्तूंचे आकार, पृष्ठभागाच्या पोताची दाटी आणि हवेमुळे येणारा फिकटपणा यांवरून अंदाज बांधतो. दूरचा डोंगर निळसर आणि पुसट दिसतो, म्हणून निळसर आणि पुसट ते दूरचे, असे आपण नकळत मानतो. चाळीस मीटरवरच्या भिंतीला हवा असा फिकटपणा देत नाही, तो रंगाऱ्यांना द्यावा लागतो. आमच्या मनोऱ्याच्या वरच्या भागातले रंग थरागणिक फिके आणि थंड होत गेले होते. परांचीवर उभे राहून तो भाग जवळून पाहिला तर मोठे गमतीचे दृश्य दिसे. चिरा पसरलेल्या पंजाएवढा, दोन चिऱ्यांमधली दर्ज जेमतेम बोट टेकेल इतकी उथळ, आणि तिच्यात पडलेली सावली मुळात सावली नसून करड्या रंगाचा एक पातळ फराटा. शेवाळाचे डागसुद्धा कुंचल्याच्या टोकाने टिपलेले होते, कारण खरे शेवाळ उगवले असते तर ते आपल्या मापानेच उगवले असते.

परांची पूर्ण उतरल्यावर सर्वांनी मिळून किल्ला पाहायचा, असा तो दिवस होता. प्रकल्पप्रमुख, संरचना अभियंता, सुरक्षा अधिकारी, रंगकामाच्या प्रमुख बाई आणि मी चौकात ठरवलेल्या जागी उभे होतो. ऊन तिरपे होते, त्यामुळे प्रत्येक कमान आणि तटावरची चर्या उठून दिसत होती. किल्ला अपेक्षेपेक्षाही अधिक चांगला जमून आला होता. नजर खालून वर सरकताना कुठेही अडखळत नव्हती. मापे जिथून आटायला सुरुवात होते ती जागा मला माहीत असूनही सापडत नव्हती.

तेवढ्यात वरच्या मनोऱ्यावरची एक खिडकी उघडली. ती खिडकी म्हणजे खरे तर देखभालीसाठी केलेले दार होते, आणि तिच्यासमोर मनोऱ्याला वळसा घालणारा अरुंद सज्जा होता. ध्वजदंडाखालचे दिवे तपासायला आलेला वायरमन त्या १.२ मीटरच्या दारातून वाकून बाहेर आला. वाकलेला होता तोवर काहीच बिघडले नाही. मग तो कठड्याशी येऊन सरळ उभा राहिला, आणि आमच्या डोळ्यांदेखत किल्ला आक्रसला. माणूस खिडकीपेक्षा जवळजवळ दीडपट उंच होता. क्षणापूर्वी ज्या मनोऱ्यात राजकन्येचा महाल असावा असे वाटत होते, तो आता वायरमनच्या मागे उभी केलेली एक सुबक प्रतिकृती वाटू लागला. विशेष म्हणजे बदल केवळ मनोऱ्यापुरता राहिला नाही. त्याच्या खालचे बुरूज, त्यांच्या खालची तटबंदी, सगळे एकदम पुढे सरकल्यासारखे झाले. तो आत निघून गेल्यावरही बराच वेळ मला किल्ला पूर्ववत दिसेना. डोळ्याला खरे माप एकदा कळले की तो ते सहजासहजी सोडत नाही.

माणसाच्या शरीराइतके ओळखीचे माप दुसरे कोणतेच नसते, आणि या अडचणीचा इतिहास थीम पार्कांपेक्षा फार जुना आहे. इटलीतील विचेन्झा येथे वास्तुकार पॅलाडिओने रचलेल्या तेआत्रो ऑलिम्पिको या नाट्यगृहात स्कामोझ्झी या दुसऱ्या वास्तुकाराने १५८५ साली रंगमंचाच्या कमानींमागे लाकूड आणि गिलाव्याचे रस्ते उभारले. ते चढत आणि निमुळते होत जातात, त्यामुळे थोड्याशा जागेत एक अख्खे शहर दूरवर पसरल्याचा भास होतो. पण नट त्या रस्त्याने आत चालत गेला तर पावलागणिक घरांच्या मानाने मोठा होत जातो. रोममधील पलात्सो स्पादा या वाड्यात वास्तुकार बोरोमिनीने सतराव्या शतकाच्या मध्यास केलेली स्तंभांची ओवरी ९ मीटरही लांब नाही, तरी ती तिच्या कैकपट खोल भासते. पलीकडच्या टोकाला पूर्णाकृती वाटणारा पुतळा आहे, तो प्रत्यक्षात सुमारे ६० सेंटिमीटरचा. त्या ओवरीतली ही गोष्ट मला तिच्या स्तंभांहूनही अधिक थोर वाटते. शेवटी जे माणसासारखे दिसणार आहे, त्याचे मापही आपल्याच हातात असले पाहिजे हे त्या पुतळ्यातून स्पष्ट होते. आमच्या सज्ज्यावरच्या माणसाचे माप मात्र आमच्या हातात नव्हते.

चौकातच चर्चा सुरू झाली. प्रकल्पप्रमुखांचे पहिले म्हणणे असे होते की सज्जाच काढून टाकावा आणि देखभालीची माणसे दोराने लटकून काम करतील. सुरक्षा अधिकाऱ्यांनी ते तिथल्या तिथे फेटाळले. ‘वर वीजवाहक आहे, दिवे आहेत, ध्वज आहेत, माणूस वर जाणारच. मग त्याने पायाखाली फरशी आणि हाताशी कठडा असतानाच काम केलेले बरे,’ असे ते शांतपणे म्हणाले. मी त्यांच्याच बाजूने बोललो. ज्या भ्रमासाठी काम करणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, तो भ्रम आराखड्यात नीट सोडवलेलाच नाही असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न कठड्याचा होता. सुरक्षित कठडा साधारण १.१ मीटर उंच असावा लागतो. निम्म्या मापाच्या मनोऱ्यावर मात्र दगडी कठडा ५५ सेंटिमीटरचाच शोभतो, आणि म्हणून आम्ही तेवढाच कठडा करून त्याच्यावर बारीक पोलादी गज आकाशी करड्या रंगात बसवले होते. खालून ते गज दिसत नव्हते, पण त्यांच्यामागचा माणूस कमरेपासून वर पूर्ण दिसत होता. मी वहीत चौकातल्या नजरेची रेषा काढली. ६० मीटर अंतर आणि ४० मीटर उंची असताना ती रेषा दर मीटरमागे सुमारे ६७ सेंटिमीटर चढते. म्हणजे कठडा भरीव आणि १.१ मीटरचा असेल आणि माणूस त्याच्यापासून एक मीटर आत उभा असेल, तर १.७७ मीटरपर्यंतचा माणूस खालून पूर्ण झाकला जातो. सुरक्षेला हवी असलेली उंचीच माणसाला लपवायला पुरेशी ठरत होती.

अडचण एवढीच उरली की तेवढा उंच भरीव कठडा खालून २.२ मीटरच्या भिंतीसारखा दिसला असता, आणि छातीपेक्षाही उंच कठड्याचा सज्जा कोणी बांधत नाही. त्यावर तोडगा असा निघाला की कठड्याला कठडा म्हणून दिसूच द्यायचे नाही. १.१ मीटरच्या उंचीत बारीक खांबांची आणि कमानींची एक रांग उठावात काढायची, कमानींच्या पोटात गडद रंग भरायचा आणि वर पातळ कंगोऱ्याची पट्टी ओढायची. निम्म्या मापात ती रांग २.२ मीटर उंचीच्या ओवरीसारखी दिसते, म्हणजे सज्ज्याच्या जागी किल्ल्याला आणखी एक मजला मिळतो. संरचना अभियंत्यांनी भरीव कठड्यावर येणाऱ्या वाऱ्याच्या दाबाची शंका काढली, ती योग्यच होती. म्हणून तो फायबरग्लासचा हलका करून मागून पोलादी चौकटीला जोडायचा असे ठरले. पावसाच्या पाण्याला वाट हवी होती, ती कमानींच्या तळाशी ठेवली.

दुपारनंतर सुताराने प्लायवूडच्या फळीवर तशा कमानी कापल्या, रंगकामाच्या बाईंनी त्यांत घाईघाईने सावल्या भरल्या आणि ती फळी सज्ज्याच्या दर्शनी भागावर बांधली गेली. पहिल्यांदा कमानींचा काळोख फार दाट झाला होता. तेवढ्या उंचीवर इतका गडद रंग दिसला की तो भाग खाडकन पुढे येतो. बाईंनी त्यात करडा आणि निळा मिसळल्यावर तो मागे गेला. मग वायरमनला वर पाठवून कठड्यापासून एक मीटरवर उभे राहायला सांगितले. आम्ही खालून पाहत राहिलो आणि तो तिथे आहे की नाही हे फोन करून विचारावे लागले. तो होता, आणि दिव्याची पेटी उघडून कामही करत होता.

त्याच वेळी वाऱ्यावर फडफडणाऱ्या ध्वजाकडे माझे लक्ष गेले. मोठा ध्वज संथपणे लाटा घेतो, लहान ध्वज भराभर फडफडतो, आणि कापडाच्या त्या वेगावरून डोळा त्याचे माप ताडतो. खिडक्या निम्म्या करता येतात, वारा निम्मा करता येत नाही. त्यामुळे वरच्या तीन मनोऱ्यांवरचे कापडी ध्वज काढून तिथे वाऱ्याच्या दिशेने केवळ वळणाऱ्या पत्र्याच्या पताका लावायच्या असे आम्ही तिथेच ठरवले. खालच्या बुरुजांवर, जिथे मापे खरी आहेत, तिथे कापडच राहिले.

एक फट मात्र राहिली. प्रवेशाच्या रस्त्याच्या टोकापासून, म्हणजे १५० मीटरवरून, नजरेची रेषा बरीच आडवी होते आणि तीच माणसाच्या डोक्याचा तीसेक सेंटिमीटरचा भाग कठड्यावर दाखवते. त्या रस्त्यावरची कमान थोडी ठेंगणी केली असती तर किल्ल्याचे शिखर तिथून झाकले गेले असते आणि लोकांना ते पुढे आल्यावर दिसले असते. पण दुरून दिसणारे शिखर हीच तर लोकांना आत ओढणारी गोष्ट, त्यामुळे मी त्याला विरोध केला. शेवटी सज्ज्यावरचे सर्व काम पार्क उघडण्यापूर्वी संपवण्याचा नियम देखभालीच्या पुस्तिकेत लिहिला गेला. दिवसा अचानक वर जावेच लागले तर कुठे उभे राहायचे हे कळावे म्हणून सज्ज्याच्या फरशीवर कठड्यापासून एक मीटरवर पिवळी रेघ मारण्यात आली.