डोळ्यांत बघितलं की ऐकू येत नाही

काल जळगाव जिल्ह्यात यावलजवळ मामांच्या मळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून झाली, लाकडी बडगीत ठेचायला सुरुवात झाली आणि माझा भाचा कानांवर हात ठेवून केळीच्या बागेत निघून गेला. १९ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. बोलतो कमी, मोबाईलवर छान लिहितो.

"याला आता कोणत्या डॉक्टरकडे दाखवता?" मावशीने विचारलं. त्याच्या आईला. तो परत येऊन समोरच बसला होता तरी!

त्यानेच उत्तर टाईप केलं. "मावशीआजी, मी आजारी नाही. ठेचण्याचा आवाज डोक्यात घुसतो. थांबला की जेवतो."

मग माझ्याकडे वळून लिहिलं, "मामा, तू म्हणतोस माझ्या डोळ्यांत बघ. बघितलं की तुझं बोलणं ऐकू येत नाही."

दहा वर्षं मी हेच करत आलो. हनुवटी धरून. प्रेमानेच, पण त्याला एकदाही विचारलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, हे मीच सगळ्यांना सांगत फिरतो.

ठेचणं थांबल्यावर त्याने कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) दोन पुऱ्या खाल्ल्या, भरीत दोनदा घेतलं. मी शेजारी बसलो, दोघंही केळीकडे बघत.