बुलेटचा पुढचा फोर्क आणि आईचा साइडकार

आईचे गुडघे गेल्यापासून बुलेटला डावीकडे साइडकार आहे. पण कराडहून पाटणपर्यंत गेलो की माझे खांदे भरून यायचे. थ्रॉटल दिला की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक मारला की उजवीकडे, आणि हँडल दगडासारखं जड.

दोष ट्रेलचा. हँडलच्या दांड्याची रेषा जमिनीला टेकते ती जागा आणि टायर टेकतो ती जागा, यांतलं अंतर म्हणजे ट्रेल. दुचाकीला सरळ धरायला ते लागतं. तीन चाकांवर तेच हाताशी भांडतं. ओळंबा सोडून मोजलं तर १०० मिमीच्या आसपास भरलं.

ट्रेल कमी करायला लेथवाल्या काकांकडून फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, ३५ मिमी पुढे नेणारे दोन्ही क्लॅम्प (ते दांडे वर-खाली पकडणारे तुकडे) अखंड ठोकळ्यातून कातून घेतले. इथे वेल्डिंग नकोच, जीव त्या सांध्यावर असतो. स्प्रिंगही कडक घातल्या. बीएमडब्ल्यूच्या जुन्या अर्ल्स फोर्कला (यात पुढचं चाक झुलत्या दांड्यावर असतं) साइडकारसाठी पिव्हटची, म्हणजे तो दांडा झुलतो त्या खिळीची, वेगळी जागाच दिलेली असायची, तीही ट्रेल कमी करायलाच.

आता ट्रेल साठाच्या घरात. पंचवीस-तीसच्या वेगाला हँडल थरथरायला लागलं, म्हणून ती थरथर शोषून घेणारा स्टिअरिंग डॅम्पर लावला. रविवारी घाटाच्या वळणावर आई म्हणाली, "आज तू दात-ओठ खात नाहीयेस रे."