भायखळ्याचा पिस्ता कलर

हॉलला कुठला रंग द्यायचा यावर घरात नुसता काथ्याकूट चाललाय. आज राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बघायला गेले आणि वस्तू राहिल्या बाजूला, मी फोटो काढत सुटले ते भिंती आणि खांबांचे! १८७२ ची वास्तू. ओतीव लोखंडाचे खांब, मागे फिका पिस्ता कलर, वर सोनेरी वर्ख. फोटो झूम करून बघितला तेव्हा कळलं, सोनेरी फक्त नक्षीपुरतंच आहे, म्हणून भडक वाटत नाही. (आमच्या सोसायटीच्या लॉबीने जरा शिकावं!)

तर आता एकच भिंत पिस्ता, बाकी ऑफ-व्हाइट आणि पुढ्यात आजेसासूबाईंची पितळी समई. अहो म्हणतात, "हॉस्पिटल वाटेल." पेंटर शनिवारी येतोय.