ट्रिम टोकाला नेलं तरी आरसी गाडी डावीकडेच का ओढते?

तुम्ही विचारलंत म्हणून. नवी आरसी (रिमोटवर चालणारी छोटी) गाडी सरळ जात नाही, ही तक्रार जवळपास प्रत्येकाची असते आणि प्रत्येकाचा हात आधी रिमोटवरच्या ट्रिमकडे, म्हणजे चाकांचा मध्य थोडा इकडेतिकडे करणाऱ्या बटणाकडे जातो. खरं तर ट्रिमची पाळी सगळ्यात शेवटी.

आधी सर्व्होचा (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचा) हॉर्न, म्हणजे शाफ्टवरची छोटी पट्टी, काढा. रिमोटवर स्टिअरिंगचं ट्रिम आणि सब-ट्रिम (सर्व्होचा मध्य ठरवणारी मेन्यूतली सेटिंग) शून्यावर, ईपीए (सर्व्हो त्या बाजूला किती फिरेल याची मर्यादा) दोन्ही बाजूंना 100 टक्के. आधी रिमोट चालू करा, मग गाडी. बंद करताना उलट. आता सर्व्होला मधला, म्हणजे साधारण 1500 मायक्रोसेकंदांचा पल्स मिळतो आणि तो मध्यावर येऊन थांबतो. तो तसाच ठेवून, चाकांकडे जाणाऱ्या दांडीशी काटकोन होईल असा हॉर्न बसवा. शाफ्टचे दाते जुळतात ना ते बघा: फुटाबा कंपनीच्या सर्व्होचे 25, हायटेकचे 24, सानवा आणि केओचे 23. न जुळणारा हॉर्न दाबून बसवला की दाते गेलेच. 25 दात्यांवर एक दाता म्हणजे 14.4 अंश, त्यामुळे हॉर्न सहसा काटकोनाला तंतोतंत बसत नाही, पण फरक सात अंशांच्या आसपासच राहतो. तेवढ्यापुरतं सब-ट्रिम वापरा. त्याहून जास्त लागत असेल तर हॉर्न एक दाता सरकवा, नाहीतर एका बाजूचं वळण तोकडं पडेल.

मग दोन्ही टाय-रॉड (पुढच्या चाकांना जोडलेल्या दांड्या) सारख्या लांबीचे करा, पुढची चाकं समांतर.

आता खरी परीक्षा. गाडी स्टँडवर ठेवून रिमोटने पूर्ण डावीकडे वळवा, सोडा, चाकं कुठे थांबली ते बघा. मग उजवीकडून तेच. दोन वेळा दोन जागी थांबली, तर कुठलंही ट्रिम उपयोगाचं नाही. स्टिअरिंगचा एखादा स्क्रू जास्त आवळलाय, बॉल-जॉइंट घट्ट आहे, किंवा सर्व्होला धक्क्यांपासून वाचवणारा सर्व्हो सेव्हर ढिला आहे. दांडी सर्व्होपासून सोडवून चाकं हाताने हलवा. कुठे अडतं ते बोटांना लगेच कळतं. फक्त वेग घेताना ओढत असेल तर डिफरन्शियल किंवा पिळलेली चासी तपासा.

पुढे ईपीए, प्रत्येक बाजूचं वेगळं. चाक टोकाला टेकेपर्यंत वाढवा आणि सर्व्हो गुणगुणायला लागला की दोन-तीन टक्के मागे या. ही गुणगुण सोडून देऊ नका. अडलेला सर्व्हो भरपूर करंट खेचतो, तापतो आणि रिसीव्हरचं व्होल्टेजही पाडतो. गाडी वळणावर क्षणभर मरते, आणि लोक मात्र रेंज कमी आहे म्हणून नवा रिमोट शोधतात!

थ्रॉटलचं कॅलिब्रेशन ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) पुस्तिकेप्रमाणे करा. ट्रिगर ओढल्यावर गाडी मागे गेली तर आधी रिमोटवर थ्रॉटल चॅनल रिव्हर्स (उलटा) करा. फुटाबाच्या रिमोटवर हे बहुधा करावंच लागतं. लायपो बॅटरी असेल तर ईएससीचा कटऑफ (बॅटरी फार उतरण्याआधी मोटर थांबवणारी सेटिंग) लायपोवरच आहे ना, हे बघून घ्या.

फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर गाडीने काय करायचं ती सेटिंग) न्यूट्रलवर, म्हणजे थ्रॉटल शून्यावर, लावा. चाकं हवेत ठेवून थोडा थ्रॉटल द्या आणि रिमोट बंद करा. चाकं फिरतच राहिली तर गाडी अजून जमिनीवर ठेवू नका.

हे सगळं झालं की सपाट जागेवर हळू चालवून ट्रिम लावा. दोन-चार क्लिकमध्ये काम होतं.